चाळिशीनंतर पुन्हा धावताय? दम लवकर येतो, टाचेला वेळ लागतो

विद्यापीठ परिसरात किंवा गारखेड्याच्या क्रीडा संकुलात वीस वर्षांनी पुन्हा धावू लागलात, की काही आठवड्यांतच दम टिकू लागतो. गडबड इथेच होते. हृदय, स्नायू लवकर सरावतात. टाचेमागच्या टेंडनला रक्तपुरवठा कमी, त्याला काही महिने लागतात. दम आहे म्हणून अंतर वाढवलं, की टाच धरते.

१९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये धावलेले जेफ गॅलोवे नवशिक्यांना धावणं-चालणं आलटून-पालटून करायला लावत. एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला. धावताना बोलता आलं पाहिजे. एक दिवसाआड पुरे. कॉलेजातलं टायमिंग? विसरा. गोगाबाबा टेकडीचा चढ सध्या नकोच. बीपी, शुगर असेल तर आधी डॉक्टर, मग बूट.