पडद्यावरचे रान आणि उंबऱ्यापलीकडचा माळ

इंदापूर तालुक्यात, नीरा नदीच्या काठी निरवांगी नावाचे गाव आहे. तिथल्या एखाद्या घरातली संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. गोठ्यात धारा काढायची गडबड चालली आहे आणि ओसरीवर पाच-सहा वर्षांचे पोर मोबाइलवर डोके खुपसून बसले आहे. पडद्यावर हिरवेगार रान आहे, त्यात ससे आहेत, रंगीत पाखरे आहेत. आजी म्हणते, "आरं, टिटवी वरडतीया बघ नदीकडं." नातू मान वर न करता उत्तर देतो, "थांब गं आज्जी, माझा ससा उपाशी हाय!"

हे चित्र कल्पनेतले आहे. पण ते खोटे आहे असे वाचकांपैकी कोणी म्हणेल असे वाटत नाही. शहरातल्या सदनिकेत आणि खेड्यातल्या ओसरीवर आज हाच प्रवेश रंगतो. फरक एवढाच की, शहरातल्या मुलाला दुसरे रान नसते. निरवांगीच्या मुलाला असते.

निसर्गावरच्या व्हिडिओ गेम्सना सरसकट नावे ठेवण्यात अर्थ नाही. त्यातला सर्वांत गाजलेला खेळ कसा जन्मला, हे पाहण्यासारखे आहे. टोकियोजवळच्या माचिदा गावात वाढलेल्या सातोशी ताजिरी या मुलाला किडे गोळा करण्याचा नाद होता. मित्र त्याला 'किड्यांचा डॉक्टर' म्हणत. पुढे शहर वाढत गेले, शेते आणि तळी बुजली, त्यांच्या जागी इमारती आल्या. मोठेपणी ताजिरी खेळ तयार करू लागला, तेव्हा किडे शोधण्याचा, पकडण्याचा आणि मित्रांशी त्यांची अदलाबदल करण्याचा तो आनंद नव्या मुलांना मिळावा, असे त्याला वाटले. त्यातून १९९६ मध्ये जपानात 'पोकेमॉन' आला. म्हणजे जगभरच्या मुलांना वेड लावणारा हा खेळ मुळात एका हरवलेल्या रानाची आठवण आहे.

पण आठवणच मूळ वस्तूच्या जागी बसली तर काय होते? केंब्रिजच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या प्राथमिक शाळेतील मुलांना चित्रांची पत्ते दाखवले. काहींवर तिथले खरे प्राणी, झाडे होती, तर काहींवर पोकेमॉन. २००२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष छापून आला. आठ वर्षांच्या मुलांनी पोकेमॉन सुमारे ७८ टक्के अचूक ओळखले, खरे जीव मात्र ५३ टक्केच. मुलांची स्मरणशक्ती अफाट असते, हे त्यातून दिसलेच. ती कोणत्या नावांनी भरायची, हे मोठ्यांनी ठरवलेले नव्हते.

आता आपल्या तालुक्याकडे वळू. कालव्याने आणि पुढे उजनीच्या पाण्याने इंदापूरचा बराच भाग उसाने हिरवा केला. तरीही जिरायती पट्ट्यात गवताळ माळ शिल्लक आहेत. कडबनवाडीच्या माळावर आजही चिंकारा दिसतो, खोकड दिसते, मेंढरांच्या वाड्यांमागून फिरणारा लांडगा दिसतो. हिवाळ्यात भोवत्या नावाचे शिकारी पक्षी दूर मध्य आशियातून इथे उतरतात. ज्वारीच्या रानावर भोरड्यांचे थवे येतात. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी पाहायला लांबून माणसे येतात. बारामती तालुक्यात सुप्याजवळ चिंकाऱ्यांसाठी मयूरेश्वर अभयारण्य आहे. २०२४ मध्ये पुणे वन विभागाने कडबनवाडी व शिर्सुफळ इथे गवताळ प्रदेशाची सफारीही सुरू केली.

आणि तरीही आपण या माळाला काय म्हणतो? 'पडीक'! ज्याला पडीक म्हटले, ते नांगरले काय, खणले काय, कोणाला हळहळ वाटत नाही. खोकडाचे नाव ज्या मुलाला ठाऊक नाही, त्याला खोकड नाहीसे झाल्याचेही कळणार नाही. माचिदाच्या मुलाला आपले काय गेले ते ठाऊक होते, म्हणून तो निदान खेळ तरी रचू शकला.

खेळातल्या आणि माळावरच्या निसर्गात आणखी एक भेद आहे. खेळातला ससा मुलाची वाट पाहतो. बोट लावले की उड्या मारतो. पडद्यावरचे पीक काही मिनिटांत काढणीला येते. आडसाली उसाला मात्र सोळा-अठरा महिने लागतात, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागत नाही. टिटवी खड्यांमध्ये अंडी घालते, ती इतकी खड्यांसारखी की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. ती पाहायची तर गप्प बसावे लागते, टिटवीचा आरडाओरडा कोणत्या बाजूला वाढतो ते ऐकावे लागते, आणि कधी काहीच न दिसता परतावे लागते. ही वाट पाहण्याची सवय कोणत्याही खेळात विकत मिळत नाही.

मग मोबाइल काढून घ्यायचा का? लहानग्यांच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितले आहे: दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी फार तर एक तास, आणि त्याहून कमी असेल तर उत्तम. त्या मर्यादेत खेळ जरूर खेळू द्यावा. पण शेजारी बसून. "हा पक्षी आपल्याकडं असतो का रे?" एवढा एक प्रश्न विचारला, तरी खेळातून बाहेर येणारी वाट उघडते. थोड्या मोठ्या मुलांसाठी 'सीक' नावाचे मोफत अॅप आहे. त्यात कॅमेरा फुलावर किंवा किड्यावर धरला की ते त्याचे नाव सुचवते. पण ते वापरायला मुळात बाहेर जावे लागते, हीच त्याची खुबी.

आणि याहून सोपा खेळ घरात करता येईल. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे पत्ते कापावेत. एकेका पत्त्यावर टिटवी, वेडा राघू, खंड्या, सुगरण, चंडोल, सरडा, मुंगूस अशी चित्रे मुलांनीच काढावीत. प्रत्यक्ष दिसला तो पत्ता आपला. दोनदा दिसला तर मित्राशी अदलाबदल. नावे आजीला विचारावीत. तिला बरीच ठाऊक असतात, फक्त अलीकडे कोणी विचारत नाही.

येत्या रविवारी ओसरीवरच्या त्या नातवाचा ससा आधी पोटभर जेवू द्यावा. मग मोबाइल फळीवर ठेवून, आजीचे बोट धरून त्याला नदीकडे पाठवावे. टिटवी अजून ओरडते आहे.