गेम खेळून कमाई: ऐकीव किती, खरं किती

भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादमध्ये, नेहरू नगरच्या बाजूला, भाड्याच्या खोलीत राहून परीक्षेची तयारी करणारी मुलं बरीच आहेत. घरून येणारे पैसे मोजके, हातात फोन, रात्री मोकळा वेळ. ‘गेम खेळा, पैसे कमवा’ म्हणणाऱ्या जाहिरातीला नेमकं असंच गिऱ्हाईक हवं असतं. इथल्या मराठी घरांतही या विषयावर वाद होतात. मुलगा म्हणतो, ‘बाबा, हे स्किल आहे.’ बाबा म्हणतात, ‘जुगाराला नवीन नाव.’ आई विचारते, ‘मग एवढे मोठे क्रिकेटपटू जाहिरात कशी करत होते?’ तिघांच्याही बोलण्यात थोडं तथ्य आहे आणि बरंचसं ऐकीव.

गैरसमज : कोर्टानेच परवानगी दिलेली आहे

मुलाचं ‘स्किल’ हवेतून आलेलं नाही. १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्याने कौशल्याच्या खेळांना सुरुवातीपासून वगळलं होतं. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये म्हटलं. २०१७ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ड्रीम ११ च्या फॅन्टसी क्रिकेटलाही कौशल्याचा खेळ मानलं. या निकालांच्या जोरावर मोठा धंदा उभा राहिला. मुंबईत २००८ मध्ये सुरू झालेली ड्रीम ११ पुढे थेट भारतीय संघाच्या जर्सीवर गेली. विरोध होत नव्हता असं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये तेव्हाचे आमदार बच्चू कडू यांनी ऑनलाइन गेमच्या जाहिरातीवरून सचिन तेंडुलकर यांच्या वांद्र्याच्या घरासमोर आंदोलन केलं होतं. पण जाहिराती सुरूच राहिल्या, कारण कायदा त्यांच्या बाजूने होता.

आता तो तसा राहिलेला नाही. ऑनलाइन गेमिंगचं प्रोत्साहन आणि नियमन करणारं विधेयक २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत मंजूर झालं आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यावर सही केली. या कायद्याने कौशल्य की नशीब हा वादच बाजूला ठेवला. पैसे भरून, पैसे जिंकण्याच्या आशेने खेळायचा ऑनलाइन खेळ असेल तर तो बंद, मग तो रमी असो, पोकर असो की फॅन्टसी क्रिकेट. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यासाठी पैशांचे व्यवहार करून देणारी बँक किंवा पेमेंट कंपनीही सुटत नाही. परदेशात बसून भारतातल्या लोकांना असा खेळ पुरवणाऱ्यांनाही कायदा लागू आहे. नुसतं खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. ड्रीम ११, एमपीएल, झूपी, पोकरबाझी यांनी पैशांचे खेळ लगेच थांबवले. सप्टेंबरच्या आशिया चषकात भारतीय संघ छातीवर प्रायोजकाचं नाव नसलेली जर्सी घालून उतरला.

याचिका झाल्याच. कर्नाटक आणि दिल्लीबरोबर आपल्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयातही एका कंपनीने कायद्याला आव्हान दिलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये ही सगळी प्रकरणं स्वतःकडे घेतली. ‘कोर्टात केस आहे म्हणजे खेळायला हरकत नाही’ असा अर्थ काही जण यातून काढतात. याचिका दाखल झाली म्हणून कायदा थांबत नाही, एवढं साधं आहे.

जाता जाता एक आठवण. विधेयक येण्याच्या महिनाभर आधी महाराष्ट्राचे तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप एका व्हिडिओवरून झाला. आपण खेळत नव्हतो, स्क्रीनवर आलेला गेम बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं. ३१ जुलैला त्यांचं कृषी खातं गेलं आणि मिळालं ते क्रीडा खातं. यावर वेगळा विनोद करायची गरज कुणाला पडली नाही.

गैरसमज : अजून चालू असलेलं ॲप म्हणजे सरकारमान्य

माझ्या मते आज सगळ्यात घातक समज हाच आहे. नोंदणी केलेल्या, कर भरणाऱ्या, पत्ता असलेल्या कंपन्या बाजूला झाल्या. म्हणजे जे अजूनही पैसे जिंकण्याचं आमिष दाखवून तुमच्याकडून पैसे भरून घेतात, त्यांनी कायदा धाब्यावर बसवलेला आहे. परवान्याचा शिक्का, विदेशी बेटाचं नाव, खेळाडूचा फोटो यांनी त्यात काही फरक पडत नाही.

हा धंदा बराचसा ‘आयडी’वर चालतो. व्हॉट्सॲपवर ‘हाय’ लिहा, दोन मिनिटांत आयडी-पासवर्ड हजर. पैसे भरायला क्यूआर कोड येतो. स्कॅन केलं की नाव दिसतं कुठल्यातरी किराणा दुकानाचं किंवा कधी न ऐकलेल्या माणसाचं, आणि पुढच्या वेळी नाव बदललेलं असतं. पाचशे भरले की आयडीत ‘कॉइन’ दिसू लागतात. त्याचे आठशे झाले म्हणून काढायला सांगितले, तर ते खरोखर खात्यात येतात. इथे माणूस फसतो, कारण आता त्याच्याकडे ‘पुरावा’ आहे आणि तो मित्रांनाही दाखवतो. मग रक्कम वाढते. स्क्रीनवर चाळीस हजार दिसतात, पण ‘विड्रॉल’ अडकतं. मेसेज येतो: ‘सर, तीस टक्के टॅक्स आधी भरा, मग पूर्ण अमाउंट रिलीज होईल.’

एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन गेमच्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के आयकर आहे, हे खरं. पण तो जिंकलेल्या पैशांतून कापला जातो. आधी खिशातून भरा, मग जिंकलेले देतो, असा टीडीएस कुठल्याच कायद्यात नाही. असं कुणी म्हणालं की तिथेच थांबायचं, आतापर्यंत गेले ते गेले.

यामागचं जाळं केवढं असतं, ते महादेव या सट्टेबाजीच्या ॲपच्या प्रकरणात दिसलं. छत्तीसगडमधल्या भिलाईचे दोघे ते दुबईतून चालवत होते, असं सक्तवसुली संचालनालयाचं (ईडीचं) म्हणणं. गावोगावी ‘पॅनल’, म्हणजे शाखा, वाटलेले, आणि नफ्याची वाटणी सत्तर-तीस. सप्टेंबर २०२३ मध्ये ईडीने कोलकाता, मुंबई आणि भोपाळमध्ये छापे घालून ४१७ कोटींची मालमत्ता जप्त केल्याचं किंवा गोठवल्याचं जाहीर केलं. भोपाळमध्ये झडती झाली ती एका ट्रॅव्हल एजन्सीची. आपल्या गल्लीपासून हे सगळं फार लांब आहे, असं वाटायचं कारण नाही.

आणि ॲपने पैसे बुडवले तर? भारतीय करार कायदा, १८७२, कलम ३०: पैजेचा करार रद्दबातल असतो, जिंकलेल्या पैजेच्या वसुलीसाठी दावा करता येत नाही. फसवणुकीची तक्रार करता येते आणि करावी. पण ‘माझे जिंकलेले चाळीस हजार द्या’ म्हणून कोर्टात उभं राहता येत नाही.

गैरसमज : कलर ट्रेडिंग हे शेअर बाजारासारखंच

लाल की हिरवा, यावर पैसे लावणं म्हणजे ट्रेडिंग नव्हे. मुंबईतल्या रतन खत्रीच्या मटक्याच्या जुगारात निदान माणसं पत्ते काढून आकडा ठरवायची. इथे रंग कुठल्या सर्व्हरमध्ये ठरतो, हे मालकालाच ठाऊक. ‘अमुक होईल की नाही’ यावर पैसे लावायच्या ‘ओपिनियन ट्रेडिंग’बद्दल शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने एप्रिल २०२५ मध्ये लोकांना सावध केलं होतं: हा प्रकार आमच्या अखत्यारीत येत नाही, गुंतवणूकदाराला असलेलं कुठलंही संरक्षण इथे मिळणार नाही.

गैरसमज : कुणीतरी कोटी जिंकतोच, मग मी का नाही?

जिंकायचे, खरंच जिंकायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिस दलातल्या एका उपनिरीक्षकाने ड्रीम ११ वर दीड कोटी जिंकले. बातमी घराघरांत पोचली. काही दिवसांतच ते निलंबित झाले, ही बातमी तेवढी पोचली नाही. कराचे तीस टक्के वजा जाता दीड कोटींचे एक कोटी पाच लाख उरतात, हेही कुणी मोजलं नाही.

हिशेब आपण करून पाहू. समजा, फॅन्टसी क्रिकेटच्या एका सामन्यासाठी १०० जणांनी पन्नास-पन्नास रुपये भरले. जमले ५,०००. चालवणाऱ्याने पंधरा टक्के, म्हणजे ७५० काढून घेतले. वाटायला उरले ४,२५०. खेळणारे सगळे क्रिकेटपंडित असोत की अडाणी, त्या शंभर जणांचा मिळून ७५० चा तोटा सामना सुरू व्हायच्या आधीच ठरलेला आहे. कौशल्य एवढंच ठरवतं की तो तोटा कुणी सोसायचा. तो नवख्याच्या वाट्याला येतो, कारण समोर एकेका सामन्यात अनेक संघ लावणारे, आकडेवारी पाठ असलेले बसलेले असतात. म्हणजे मुलगा आणि बाबा, दोघेही बरोबर: स्किल आहे, आणि तरी घरातून पैसे जातात.

विधेयक आणताना सरकारने दिलेला अंदाज असा: दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोक मिळून २०,००० कोटी रुपये गमावतात. भागाकार केला तर माणशी साडेचारशेही होत नाहीत. पण सरासरी इथे दिशाभूल करते. बहुतेकांचे शे-दोनशे जातात आणि ते विसरूनही जातात. काहींचं मात्र घर विकलं जातं.

गैरसमज : फुकटच्या गेममध्ये पैसे जात नाहीत

जुलै २०२१ मध्ये आपल्याच राज्यात, छतरपूरला, फ्री फायरमध्ये आईच्या खात्यातले चाळीस हजार गेले म्हणून तेरा वर्षांच्या मुलाने जीव दिला. गेम उतरवायला फुकट होता. पैसे जातात ते आतल्या हिऱ्यांवर, कपड्यांवर, बंदुकांच्या रंगांवर. मुलाच्या हातातल्या फोनवर कार्ड किंवा यूपीआय जोडलेलं ठेवू नका आणि प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा. दोन्ही सेटिंग पाच मिनिटांत होतात.

गैरसमज : म्हणजे गेममधून पैसे मिळतच नाहीत

बाबांची गल्लत इथे होते. मिळतात, पण रोजच्या खर्चाला पुरतील असे फार थोड्यांना.

ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, हा जुगार नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने त्याला क्रीडा मंत्रालयाकडे सोपवलं, आणि २०२५ च्या कायद्यानेही त्याला मान्यता दिली. प्रवेशशुल्क असू शकतं, बक्षीस असू शकतं, पण पैज नाही. २०२३ मध्ये मध्य प्रदेशच्या क्रीडा खात्याने ई-स्पोर्ट्स अकादमीसाठी ज्युनिअर चॅम्पियनशिप घेतली, तीही कोटऱ्यापासून फार दूर नसलेल्या तात्या टोपे नगरच्या स्टेडियमवर. पण हिशेब इथेही करा. बीजीएमआयच्या (पबजीच्या भारतातल्या आवृत्तीच्या) देशपातळीवरच्या स्पर्धेत २०२१ मध्ये एकूण बक्षीस एक कोटी, २०२४ मध्ये दोन कोटी. ते मोजक्या संघांत वाटलं जातं, संघात चार-पाच जण, वर कर. आणि गेमच बंद होऊ शकतो: पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये ॲप स्टोअरमधून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. तेवढे महिने खेळाडूंनी करायचं काय?

खेळतानाचे व्हिडिओ टाकूनही मिळकत होते. यूट्यूबवर जाहिरातीच्या पैशांसाठी एक हजार सबस्क्रायबर, आणि शिवाय एकतर वर्षभरात चार हजार तासांचं पाहणं किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज लागतात. हे काम आहे: आवाज, संपादन, रोजचा नेम. खेळणं त्यातला छोटा भाग.

आणि महिन्याच्या महिन्याला पगार देणारी गेमिंगची नोकरी हवी असेल तर पुण्याकडे पाहा. गेम बनवणाऱ्या युबीसॉफ्टचा पुण्यात स्टुडिओ आहे (आधी तो गेमलॉफ्टचा होता). ‘इंडस’ हा गेम बनवणारी सुपरगेमिंगही पुण्याची. तिथे प्रोग्रॅमर, चित्रकार, गेममधल्या चुका हुडकणारे टेस्टर लागतात. टेस्टर एकच दार शंभर वेळा उघडून बघतो आणि काय बिघडलं ते लिहून काढतो. मजा कमी, पण पगार खात्यात येतो.

गैरसमज : खातं नुसतं वापरायला दिलं तर काय बिघडतं?

मघाच्या क्यूआर कोडवरची ती अनोळखी नावं बऱ्याचदा विद्यार्थ्यांचीच असतात. ‘भैया, खाली खाता है तो दे दो, महीने के पाँच हज़ार’ असं कुणी म्हणालं की ही कमाई अगदी बिनधोक वाटते. मग त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरतात, कुठल्यातरी दूरच्या राज्यात तक्रार होते आणि खातं गोठतं. पोलिस पासबुकावरच्या नावापर्यंत पहिल्यांदा पोचतात, कारण खऱ्या मालकाचं नाव कुठेच नसतं. नुसता जुगार खेळलेल्याला नवा कायदा शिक्षा करत नाही, पण खातं भाड्याने दिलेला माणूस फसवणुकीच्या गुन्ह्यात आरोपी होऊ शकतो. एटीएम कार्ड, सिम, चेकबुक कुणालाही देऊ नका, रूममेटलाही नाही.

पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, समोरचा यूपीआय आयडी आणि चॅटचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा. चॅट लाजेने डिलीट करू नका. तक्रार जितकी लवकर, तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. आणि घरातल्या मोठ्यांना एक विनंती: मुलाने स्वतःहून येऊन सांगितलं, तर त्या रात्री रागावू नका. आधी १९३० लावा.