मागावरची गोष्ट

खुनी कोण, हे कळायला दोन मिनिटं उरलेली असायची आणि नेमकी लाइट जायची. मेहकर-मालेगाव रस्त्यावरच्या आमच्या डोणगावात लोडशेडिंगच्या काळात हे किती शुक्रवारी घडलं, त्याची गणती नाही. ओसरीत शेजारपाजारची दहा-बारा माणसं दाटीनं बसलेली, समोर टीव्हीवर 'सीआयडी', आणि एकदम काळोख. पण कोणी उठून घरी जात नसे. अंधारातच तपास सुरू व्हायचा. कोणी म्हणे भाच्यानं मारलं, कोणी म्हणे भागीदारानं. आजी मात्र शांतपणे म्हणायची, "थो घरगडी एवढा वेळ काहीच नाही बोलला पाय. थ्याच्यातच हाय काहीतरी." सकाळी मेहकरला जाऊन आलेल्या कोणाकडून तरी खरा शेवट कळायचा आणि पुष्कळदा आजीच बरोबर निघायची.

आजीला अक्षरओळख नव्हती. मग तिला हे कसं कळायचं? या प्रश्नाच्या मागे लागलो तेव्हा रहस्यमालिकेची सगळी जादू माझ्यापुढे उलगडत गेली.

बाकीच्या गोष्टी पुढे चालतात. राजा होता, मग लढाई झाली, मग राज्य मिळालं. तपासाची गोष्ट मागे चालते. मुख्य घटना, म्हणजे खून किंवा चोरी, ती गोष्ट सुरू होण्याआधीच घडून गेलेली असते. आपल्यापुढे उरतात फक्त तिच्या खुणा: उघडी खिडकी, फुटलेला कप, थांबलेलं घड्याळ. त्या खुणांवरून मागे मागे जात घडून गेलेली गोष्ट पुन्हा उभी करायची. म्हणजे एका कथेत दोन कथा असतात, एक गुन्ह्याची आणि एक शोधाची. शेवटच्या प्रसंगात त्या दोन्ही एकमेकींना भेटतात, आणि म्हणूनच त्या दोन मिनिटांसाठी माणसं काळोखातही बसून राहतात.

हे कसब गावाला नवं नाही. आपल्या भाषेतच त्याच्या खुणा आहेत: माग काढणे, सुगावा लागणे, मागमूस नसणे. पूर्वी गावाचा राखणदार चोराच्या पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जायचा. माग दुसऱ्या गावच्या हद्दीत शिरला की पुढची जबाबदारी त्या गावाची. फ्रान्समधल्या लिऑन शहरात एडमंड लोकार या शास्त्रज्ञानं 1910 साली माळ्यावरच्या दोन खोल्यांत गुन्हे-तपासाची प्रयोगशाळा थाटली. दोन गोष्टी एकमेकींना लागल्या की एकीचं काहीतरी दुसरीवर राहतंच, हे त्याचं तत्त्व. गावातला राखणदार धुळीतल्या पावलात तेच वाचत होता. आणि बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखणारं जगातलं पहिलं कार्यालय 1897 साली आपल्याच देशात, कलकत्त्यात उघडलं. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या तिथल्या दोन भारतीय अधिकाऱ्यांनी ठशांच्या वर्गीकरणाचं गणित बसवलं होतं.

टीव्ही येण्याआधी मराठी माणसाची ही भूक पुस्तकांनी भागवली. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार आणि काळापहाड वाचनालयांतून घरोघरी गेले. पुढे गुरुनाथ नाईकांनीही असाच डोंगर उभा केला. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा प्रेक्षक आधीच तयार होता.

टीव्हीवरचे सुरुवातीचे गुप्तहेर एकट्याच्या बळावर तपास करायचे. 1985 साली पंकज कपूर यांचा करमचंद गाजर खात खात आला. 1993 साली बासू चटर्जींनी शरदिंदू बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश बक्षी आणला आणि रजित कपूर यांनी तो धोतर नेसून, हळू आवाजात उभा केला. हे दोघेही डोक्यानं जिंकणारे. पोलीस त्यांच्या मागून यायचे.

पण याच काळात मुंबईत दुसरी वाट फुटत होती. बी. पी. सिंग नावाचे कॅमेरामन मुंबई दूरदर्शनवर बातम्या चित्रित करायचे. खऱ्या पोलिसांचं काम त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्यांनी मराठीत 'एक शून्य शून्य' ही मालिका केली. पोलिसांना बोलवायचा फोन नंबर, तोच मालिकेचं नाव! तिच्यात बँकेत नोकरी करून नाटकांतून पुढे आलेले शिवाजी साटम होते. रमेश भाटकर यांचा 'हॅलो इन्स्पेक्टर'ही मराठी घरांत असाच पोचला. 1951 साली अमेरिकेतल्या 'ड्रॅगनेट' मालिकेनं लॉस एंजलिस पोलिसांच्या फायलींतली प्रकरणं पडद्यावर आणून हेच वळण घेतलं होतं. तिथे नायक प्रतिभावंत नव्हता. तो दारोदार जाऊन तेच ते प्रश्न विचारणारा, कामावरचा माणूस होता.

याच वाटेवर 21 जानेवारी 1998 रोजी सिंग यांची 'सीआयडी' सुरू झाली. साटम झाले एसीपी प्रद्युम्न. 27 ऑक्टोबर 2018 पर्यंत तिचे 1547 भाग झाले आणि डिसेंबर 2024 मध्ये ती परत आली. तिनं एक मोठा बदल घडवला: सत्य शोधणारा माणूस एकटा राहिला नाही, तिथे चमू आला. कोणी दार तोडणारा, कोणी संशयिताला बोलतं करणारा, आणि प्रयोगशाळेत डॉक्टर साळुंखे. रक्ताचा डाग, केसाचा तुकडा, विषाचा अंश हे साक्षीदार झाले. रसायनशास्त्र खेड्यातल्या ओसरीत पोचलं.

या मालिकेनं केलेली एक गोष्ट आठवली की मी आजही थक्क होतो. मालिका एरवी तुकड्यातुकड्यांनी चित्रित होते. एक वाक्य, कट, कॅमेरा हलवा, पुढचं वाक्य. 8 ऑक्टोबर 2004 रोजी सिंग यांनी एक अख्खा भाग एकदाही न थांबता चित्रित केला. 111 मिनिटं, कॅमेरा सलग चालू! एका नटाचं वाक्य अडलं, एका माणसाची सावली चुकीच्या जागी पडली, की सगळं पहिल्यापासून. 'द इनहेरिटन्स' नावाचा तो भाग 7 नोव्हेंबरला दाखवला गेला आणि गिनीज बुकात नोंदला गेला. गुन्हा शोधताना पोलिसाला नजर हटवता येत नाही, तशी त्या दिवशी कॅमेऱ्यालाही हटवता आली नाही.

तपास करणारा हातही बदलत गेला. 1989 च्या 'उडान'मध्ये कविता चौधरींनी आयपीएस होणारी मुलगी उभी केली, तिच्यामागे त्यांच्या स्वतःच्या आयपीएस बहिणीची प्रेरणा होती. 2014 साली झी मराठीवर मयूरी वाघ यांची 'अस्मिता' गुप्तहेर म्हणून आली.

मग गोष्टीनं आणखी एक कोलांटी घेतली. खुनी पहिल्यापासूनच दाखवला तर? अमेरिकेत 1968 साली टीव्हीवर आलेल्या 'कोलंबो'नं तेच केलं. प्रश्न 'कोणी' असा राहिला नाही, 'आता हा सापडणार कसा' असा झाला. 2020 साली मराठीत 'देवमाणूस' आली, तेव्हा गावाला देव वाटणाऱ्या डॉक्टरचं खरं रूप प्रेक्षकांना ठाऊक होतं आणि गावाला नव्हतं. त्याच्या जाळ्यात सापडणाऱ्या त्या बाईला कोणीतरी सांगा रे, असं म्हणत माणसं टीव्हीपुढे कळवळायची. आधी आपण पोलिसाच्या मागे चालत होतो, आता त्याच्या पुढे उभे होतो.

पडद्याबाहेरचा तपास फार सावकाश चालतो. डोणगावच्या पोलीस ठाण्यातून माणूस घटनास्थळी येतो. दोन पंचांसमोर पंचनामा होतो. भिंतीपासून वस्तू किती अंतरावर, दार आतून बंद की बाहेरून, हे एकेक लिहिलं जातं. मातीतल्या पावलाचा ठसा प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून उचलतात. व्हिसेरा, म्हणजे मृताच्या पोटातल्या अवयवांचे नमुने, सीलबंद होऊन अमरावतीच्या प्रयोगशाळेत जातात. साळुंखे डॉक्टर एका जाहिरातीच्या अवधीत सांगतात ते उत्तर यायला इथे आठवडे, कधी महिने जातात. त्या संथपणातच निरपराध माणसाचं रक्षण आहे. कारण आजीचा अंदाज कितीही बरोबर निघाला, तरी अंदाज म्हणजे पुरावा नव्हे.

आजीचं गुपित मात्र मला आता कळलंय. तिनं आयुष्यभर माणसं न्याहाळली होती. कोण बोलतो, याच्याइतकंच कोण गप्प बसतो, हे ती पाहायची. चांगली रहस्यमालिका आपल्याला हेच शिकवते.

म्हणून एक विनंती. गावात काही वाईट घडलं तर बघायला धावून गर्दी करू नका. दाराला, भांड्याला, कपड्याला हात लावू नका. एक शून्य शून्यच्या जोडीला आता 112 हा क्रमांक आहे, तो फिरवा आणि पोलीस येईपर्यंत ती जागा राखा. धुळीतलं एक पाऊल खरं बोलू शकतं, फक्त त्यावर आपलं पाऊल पडता कामा नये.