जहाजाच्या पोटातली हवा

गोदीतला अपघात म्हटला की तुटलेली साखळी आणि वरून पडलेलं ओझं आठवतं. मुंबईच्या गोदीत सुरक्षेचं काम पाहताना लटकत्या मालाखालून मी कितीतरी जणांना बाजूला ओढलं आहे. पण आज सांगतो तो धोका दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

एकदा भंगार लोखंडाचं जहाज धक्क्याला लागलं. हॅचची मोठी झाकणं अजून बंद होती. एक तरुण कामगार माल बघायला शिडीच्या तोंडातून उतरला आणि चार-पाच पायऱ्यांवरच कोसळला. त्याचा जोडीदार मागोमाग धावला. मुकादमांनी त्याला शर्टाला धरून मागे खेचलं. ''तू गेलास तर दोघांना काढावं लागेल!'' म्हणून ते ओरडले. हवेचं सिलिंडर पाठीला लावलेला माणूस उतरेपर्यंत उशीर झाला होता. पहिला गेला. दुसरा तेवढ्यामुळे वाचला.

असं का होतं? लोखंड गंजतं म्हणजे हवेतला प्राणवायू घेतं. प्रवासात हॅच दिवसेंदिवस बंद असते, बाहेरची हवा आत येत नाही. कोळसा, लाकडाचे ओंडके, पेंड यांच्यामुळेही असंच होतं. हवेत प्राणवायू साधारण २१ टक्के असतो. १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की ती जागा धोक्याची. १० टक्क्यांच्या खाली माणूस पाहता पाहता शुद्ध हरपतो. गुदमरल्याची जाणीवही धड होत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क इथे कामाचा नाही, कारण तो हवा गाळतो, प्राणवायू तयार करत नाही.

उपाय साधे आहेत. आधी झाकणं उघडून, पंखे लावून हवा खेळवायची. मग मीटर सोडून वर, मध्ये आणि तळाशी मोजायचं. लेखी परवानगीशिवाय उतरायचं नाही. तोंडाशी एक माणूस कायम उभा हवा आणि त्याने स्वतः उतरायचं नाही, मदत बोलवायची.

गोदी कामगारांच्या सुरक्षेसाठी १९८६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. पुढे २०२० च्या संहितेत तो सामावला गेला. पण शिडीच्या तोंडाशी कायदा उभा नसतो, मुकादम असतो.

आपल्याकडे जुन्या विहिरीत, मैल्याच्या टाकीत एकामागून एक माणसं जातात, तेही बहुधा असंच. आत कुणी पडलेला दिसला तर जीव तुटतो, हे मला ठाऊक आहे. तरीही त्या क्षणी थांबा. हाक मारा, अग्निशमन दलाला बोलवा, पण तसेच आत उतरू नका.