सरपणाचं इंजिनिअरिंग

होस्टेलचा गिझर बंद पडला की आपण किती आरडाओरडा करतो! माझ्या आजीकडे गिझरच नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घरी स्वयंपाक गॅसवर होतो, पण अंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं. त्यासाठी जूनमध्ये पाऊस लागायच्या आत वर्षभराच्या सरपणाची बेगमी करावी लागते. यंदा आजोबांच्या गुडघ्यांनी संप केला, म्हणून हिवाळ्याच्या सुट्टीत हे काम माझ्यावर आणि चुलतभावावर आलं. हत्यारं म्हणजे कुऱ्हाड, कोयता, दोघांनी ओढायची करवत, दोरखंड आणि दोन लोखंडी पाचरी. बस्स!

पहिला प्रश्न, तोडायचं काय? घरामागे ऐन, किंजळ आहेत. पण 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्यानुसार ऐन, किंजळ, आंबा, फणस अशी झाडं स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आम्ही बांधावरचं गिरिपुष्प निवडलं. ते तोडलं तरी खुंटाला पुन्हा धुमारे फुटतात. आजोबा दरवर्षी तिसरा हिस्साच तोडतात. चौथ्या वर्षी पहिल्या खुंटांवर पुन्हा सरपण तयार! खुंटाचा काप थोडा तिरका ठेवायचा, म्हणजे पावसाचं पाणी साचून तो कुजत नाही.

आता तोडायची पद्धत. झाड ज्या बाजूला पाडायचं, त्या बाजूला आधी बुंध्याच्या पाव जाडीइतकी खाच घ्यायची. मग मागच्या बाजूने, खाचेपेक्षा किंचित वर, करवत चालवायची. पण आरपार कापायचं नाही. मधे साधारण एक दशांश जाडीची पट्टी शिल्लक ठेवायची. ही पट्टी दाराच्या बिजागरीसारखी काम करते आणि झाड ठरलेल्या दिशेला झुकतं.

झाड कलायला लागलं तसे आजोबा ओरडले, "तिरपी हो गो, तिरपी!" 'तिरपी' म्हणजे नक्की कुठे, हे माझ्या कॉन्व्हेंटच्या मराठीला कळेपर्यंत मी सरळ मागे सरकले होते. भावाने हात धरून बाजूला ओढलं, आणि पुढच्याच क्षणी बुंधा खुंटावरून निसटून मी उभी होते तिथे सरकत आला. शेंडा जमिनीवर आदळला की बुंधा असा मागे उसळू शकतो. म्हणून पळायची वाट सरळ मागे नव्हे, तर मागे आणि बाजूला अशी तिरपी हवी, आणि ती करवत लावण्याआधीच साफ करून ठेवायची. त्या दिवशी आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

ओंडके फोडताना मात्र फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स भेटलं. 20 सेंटीमीटर लांब आणि 4 सेंटीमीटर जाड पाचर घर्षण सोडल्यास ताकद पाचपट करते. घर्षणामुळे बरीच ताकद वाया जाते, पण त्याच घर्षणामुळे ठोकलेली पाचर परत उसळत नाही. लाकूड रेषांच्या दिशेने सहज फाटतं, म्हणून ओंडका उभा ठेवायचा आणि गाठ टाळायची.

शेवटचं काम म्हणजे वाळवणं. ओल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. मी हिशोब केला. एक किलो ओल्या लाकडातल्या अर्धा किलो पाण्याची वाफ करायला साधारण 1.3 मेगाज्यूल लागतात, आणि उरलेल्या अर्धा किलो कोरड्या लाकडातून मिळतात सुमारे 9. म्हणजे नुकसान फक्त सातवा हिस्सा! मग ओलं लाकूड जळत का नाही? कारण पाणी उडेपर्यंत लाकूड पुरेसं तापतच नाही. त्यातून निघणारे वायू पेट न घेता धूर होऊन निघून जातात. खरं नुकसान त्या धुरात आहे, आणि तो जातो आजीच्या छातीत. गेल्या पावसाळ्यात सरपण ओलं राहिलं होतं, तेव्हा तिचा खोकला महिनाभर हटला नव्हता.

म्हणून फोडलेली लाकडं जमिनीपासून वर, मधे फटी ठेवून, वरून झाकून पण बाजू मोकळ्या ठेवून रचायची. दोन तुकडे एकमेकांवर आपटून पाहायचे. 'धप्प' आवाज आला तर अजून ओलं, 'टण्ण' वाजलं तर वाळलं.

परवा आजीचा फोन आला होता. लाकडं टण्ण वाजतात म्हणाली. आणि खुंटांना धुमारे फुटलेत.