अमृत कोकमाची चव बिघडली? आधी कशी ते सांगा

मे महिन्यात मालवण-वेंगुर्ल्याकडे रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकले की पहिल्यांदाच अमृत कोकम घालणारे विचारू लागतात, 'चव का बिघडली?'

फेस आला, दारूसारखा वास सुटला, तर साखर कमी पडली किंवा बरणीत पाणी शिरलं. एक किलो सालींना दोन किलो साखर हे कोकणातलं रुळलेलं प्रमाण. मधुमेहाच्या धास्तीने ते निम्मं करू नका. सरबत टिकतं ते साखरेच्याच जोरावर. गोड नको असेल तर पिताना पाणी वाढवा. वळवाचा पाऊस लागलेले, भेगाळलेले रातांबेही असंच आंबवतात. आंबलेलं सरबत मात्र सरळ ओतून द्या, उकळून वाचवायला जाऊ नका.

जिभेवर मेणचट थर बसतोय? बिया ठेचल्या गेल्या. कोकमतेल त्यांचंच निघतं. धातूची चव आली तर भांडं अ‍ॅल्युमिनियमचं किंवा बिनकल्हईचं. कोकमाचं आम्ल त्याला खातं. काचेची नाहीतर चिनी मातीची बरणीच घ्या.

आणि खारट लागलं तर बहुधा आगळाची, म्हणजे मीठ घातलेल्या कोकमरसाची, बाटली उघडलीत! ती सोलकढीला.