चंदीगड : सावलीचा हिशेब

चंदीगडच्या सहलीत रॉक गार्डन आणि सुखना तलाव ही ठिकाणे हमखास असतात. या दोन्हींच्या शेजारीच, शहराच्या उत्तर टोकाला, सेक्टर १ मध्ये कॅपिटॉल संकुल आहे. उच्च न्यायालय, विधानसभा आणि सचिवालय या तीन इमारती तेथे आहेत. तिन्हींत रोजचे काम चालते. त्यामुळे पर्यटकांना ओळखपत्र दाखवून मार्गदर्शकाबरोबरच आत जाता येते. पण विज्ञान शिकवणाऱ्याने हे कष्ट जरूर घ्यावेत, कारण सूर्याच्या वार्षिक भ्रमणाचा एवढा मोठा तक्ता क्वचितच कुठे पाहायला मिळेल.

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि पंजाबला नवी राजधानी हवी झाली. १९५१ मध्ये हे काम स्विस-फ्रेंच वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे आले. प्येर झानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हे त्यांचे सहकारी होते. २०१६ मध्ये युनेस्कोने या संकुलाचा समावेश जागतिक वारशात केला.

पहिल्या नजरेला येथे दिसते ते गिलावा न केलेले करडे काँक्रीट. सचिवालयाची इमारत सुमारे २५० मीटर लांब आहे आणि तिचा दर्शनी भाग खोल चौकटींनी भरलेला आहे. कबुतरखान्याची आठवण व्हावी असाच तो दिसतो. उच्च न्यायालयाच्या दर्शनी भागावरही अशीच जाळी आहे. ही नुसती सजावट असेल का? तसे नाही, आणि याचे कारण शोधायला आपल्याला पॅरिसला जावे लागेल.

काचेच्या भिंतीचा धडा

१९३३ मध्ये ल कॉर्ब्युझिए यांनी पॅरिसमध्ये ‘सॅल्व्हेशन आर्मी’साठी निराधारांची निवासी इमारत बांधली. तिची दक्षिणेकडची भिंत संपूर्ण काचेची आणि बंदिस्त होती. काच दुहेरी असावी आणि आतली हवा यंत्राने थंड करावी, अशी मूळ कल्पना होती. पैशांअभावी दोन्ही गोष्टी राहून गेल्या. उन्हाळा आला आणि आतल्या माणसांचे हाल सुरू झाले. पुढे त्या भिंतीला उघडणाऱ्या खिडक्या बसवाव्या लागल्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतर बाहेरच्या बाजूने सूर्यरोधक फळ्या लावल्या गेल्या.

असे का झाले? सूर्याचा प्रकाश काचेतून सहज आत येतो. जमीन, टेबले, भिंती तो शोषून घेतात आणि तापतात. तापलेल्या वस्तू जे प्रारण बाहेर टाकतात ते लांब तरंगलांबीचे, अवरक्त असते. त्याला काच पार होऊ देत नाही. शिवाय खिडक्या बंद असल्याने गरम हवाही बाहेर जात नाही. आतून पडदा लावून फारसे भागत नाही, कारण उष्णता तोपर्यंत खोलीत आलेली असते. ऊन काचेवर पडण्याआधीच, म्हणजे बाहेर, अडवायला हवे. आपल्याकडचा छज्जा हेच काम करतो. चंदीगडच्या चौकटी म्हणजे या छज्ज्याचीच मोठी भावंडे होत.

छज्जा किती पुढे हवा?

चंदीगडचे अक्षांश सुमारे ३०.७° उत्तर आहेत, म्हणजे शहर कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. तेथे २१ जूनला माध्यान्हीच्या सूर्याचा उन्नतांश ८२.७° असतो, तर २२ डिसेंबरच्या सुमारास तो ३५.९° एवढाच असतो. हे माध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. चंदीगडला सूर्य सरासरीने १२ वाजून २३ मिनिटांच्या आसपास याम्योत्तरावर येतो.

दक्षिणेकडे तोंड असलेल्या खिडकीवर ६० सेंटिमीटर पुढे आलेला छज्जा आहे असे समजा. माध्यान्हीला त्याची सावली भिंतीवर किती खाली येईल? छज्ज्याच्या रुंदीला उन्नतांशाच्या टॅनने गुणले की उत्तर मिळते. जूनमध्ये ते ४.७ मीटर येते, म्हणजे दीड मीटर उंचीची खिडकी पूर्ण सावलीत राहते. डिसेंबरमध्ये सावली फक्त ४३ सेंटिमीटर येते आणि उरलेल्या खिडकीतून ऊन आत शिरते. उत्तरेतल्या थंडीत ते हवेच असते. काहीही न हलवता एकच छज्जा उन्हाळ्यात ऊन अडवतो आणि हिवाळ्यात आत घेतो!

मावळतीची अडचण

पण दक्षिण ही सोपी दिशा आहे. मावळतीचा सूर्य क्षितिजाजवळ असतो आणि त्याची किरणे जवळजवळ आडवी येतात. तेथे आडवा छज्जा कुचकामी ठरतो. चंदीगडला जूनच्या अखेरच्या दहा दिवसांत सूर्य नेमक्या पश्चिमेला नव्हे, तर तिच्या सुमारे २८° उत्तरेला मावळतो. उच्च न्यायालयाचे तोंड वायव्येकडे आहे. म्हणजे सर्वांत कडक उन्हाळ्यातले संध्याकाळचे ऊन थेट समोरून येणार. म्हणून आडव्या फळ्यांना उभ्या फळ्यांची जोड द्यावी लागते आणि त्यातून चौकटी तयार होतात.

याच इमारतीचे छप्पर दुहेरी आहे. खालच्या छपरावर कमानींनी तोललेले दुसरे छप्पर छत्रीसारखे धरलेले आहे आणि मधल्या जागेतून वारा खेळतो. वरचे छप्पर तापते, पण ती उष्णता खालपर्यंत फारशी पोचत नाही.

संकुलातला ‘छायेचा मनोरा’ चुकवू नये. ल कॉर्ब्युझिए यांच्या १९६५ मधील मृत्यूनंतर तो उभारला गेला. इतर इमारती शहराच्या तिरक्या आखणीला धरून आहेत, हा मात्र नेमक्या उत्तर-दक्षिण दिशेत उभा आहे. त्याच्या तीन बाजूंना सूर्यरोधक आहेत आणि उत्तरेची बाजू उघडी आहे, कारण या अक्षांशावर माध्यान्हीचा सूर्य कधीच उत्तरेला जात नाही.

काँक्रीटची दुसरी बाजू

या योजनेत एक उणीवही आहे. एक घनमीटर काँक्रीट एक अंशाने तापवायला सुमारे २ मेगाज्यूल उष्णता लागते. तेवढ्याच घनफळाच्या पाण्याच्या ती जवळजवळ निम्मी आहे. दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या जाड फळ्या ही उष्णता साठवतात आणि संध्याकाळी ती परत देऊ लागतात, त्यातली काही खोल्यांकडेही जाते. ऊन अडवणारी वस्तू हलकी आणि भिंतीपासून थोडी सुटी असेल तर हा त्रास कमी होतो. दारावरची वाळ्याची ताटी किंवा बांबूची चटई या बाबतीत काँक्रीटपेक्षा सरस म्हणावी लागेल.

आपल्या शाळेत

चंदीगडचे आकडे महाराष्ट्रात जसेच्या तसे चालणार नाहीत. पुण्याचे अक्षांश १८.५° आहेत. तेथे मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो, म्हणजे तेव्हा उत्तरेच्या खिडक्यांनाही छज्जा लागतो.

विद्यार्थ्यांना एक मीटर उंचीची काठी सपाट जमिनीवर ओळंब्यात उभी करायला सांगावे आणि महिन्यातून एकदा तिची सर्वांत आखूड सावली मोजायला लावावी. त्यावरून उन्नतांश काढता येईल आणि वर्गाच्या खिडकीला छज्जा किती हवा हेही. कोणत्या भिंतीवर किती वाजता ऊन येते याचा नकाशाही करावा. पत्र्याच्या छपराखाली भरणाऱ्या वर्गांत तर मार्च-एप्रिलमध्ये शिकणे कठीण होते. पत्र्यावर थोडे अंतर सोडून गवताचा किंवा बांबूच्या तट्ट्यांचा मांडव घातला तर किती अंशांचा फरक पडतो, हे साध्या तापमापकाने मोजता येईल.

आज मोठ्या शहरांत पश्चिमेकडे तोंड केलेल्या काचेच्या इमारती उभ्या राहतात आणि आत आलेले ऊन बाहेर काढण्यासाठी वातानुकूलन यंत्रे दिवसभर वीज खातात. पॅरिसमध्ये १९३३ साली मिळालेला धडा आपण पुन्हा शिकतो आहोत, आणि त्याची किंमत दर महिन्याच्या बिलातून भरतो आहोत. काठीची सावली मोजलेला विद्यार्थी उद्या घर बांधताना निदान एवढे तरी विचारील की या खिडकीवर ऊन कधी आणि कुठून येणार?